ओरछा दरवाजा आणि नाशिकचा हिरा

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील बऱ्याच दरवाजांना त्यांतून बाहेर पडणाऱ्या वाटेवरून नाव मिळाले आहे. दतिया दरवाजातून दतियाची वाट निघते, सागर दरवाजातून सागरची, आणि ओरछा दरवाजातून बुंदेल्यांच्या जुन्या राजधानीची. ही राजधानी झाशीच्या आग्नेयेस, बेतवा नदीच्या काठी, सुमारे पंधरा किलोमीटरांवर आहे. आज सर्वजण या दरवाजास ओरछा गेट म्हणतात.

या दरवाजाविषयी एक कथा झाशीत घरोघरी सांगितली जाते. इ. स. १८५८ मध्ये इंग्रजांनी शहरास वेढा घातला असता दुल्हाजू नावाच्या सरदाराने फितूर होऊन हा दरवाजा उघडला आणि त्यामुळे झाशी पडली, असे ही कथा सांगते. दरवाजाच्या पलीकडे पसरलेल्या मुलुखाच्या कथा निराळ्या आहेत. तेथे पुरलेल्या खजिन्यांच्या आणि साधूच्या आशीर्वादाने जमिनीत उपजलेल्या हिऱ्यांच्या कथा ऐकू येतात. वरवर पाहता फितुरीची कथा आणि हिऱ्यांच्या कथा यांचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. परंतु त्या शेजारी ठेवून वाचल्या, की दोन्ही एकाच गरजेतून जन्मल्या असाव्यात असे वाटू लागते. मोठ्या नुकसानीचे एकच लहानसे, हातात धरता येईल असे कारण मनुष्यास हवे असते.

ओरछ्याच्या विहिरी आणि पन्न्याची खडी

झाशीचा किल्ला ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव याने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. त्याचा पुत्र जुझारसिंह याने बादशहा शाहजहान याच्याविरुद्ध बंड केले, तेव्हा १६३५ मध्ये मोगल फौजांनी ओरछा जिंकून घेतले. या मोहिमेचे नाममात्र सेनापतिपद तरुण औरंगजेबाकडे होते. जुझारसिंहाने आपले द्रव्य रानांतील विहिरींत लपविले होते. मोगलांनी विहिरी शोधून ते उपसून काढले. ‘पादशाहनामा’ या ग्रंथाच्या इंग्लंडमधील विंडसर येथे असलेल्या सचित्र प्रतीत ओरछ्याच्या या विजयाचे चित्र आहे. तेव्हा या प्रदेशात पुरलेल्या धनाच्या ज्या कथा आजही चालतात, त्यांच्या मुळाशी एक खरी घटना आहे. फरक इतकाच, की ते धन शोधणाऱ्यांच्या हाती फार पूर्वीच लागले. कथेने मात्र ते अजून जमिनीतच ठेवले आहे.

याच बुंदेलखंडात पूर्वेस पन्ना आहे. राजा छत्रसाल द्रव्यावाचून अडला असता स्वामी प्राणनाथांनी त्यास आशीर्वाद दिला, की तुझा घोडा जेवढी भूमी तुडवील तेवढी हिऱ्यांची होईल. पन्ना येथे प्राणनाथांचे मंदिर असून ही कथा तेथे श्रद्धेने सांगतात. भूविज्ञान हीच गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगते. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. जमिनीखाली सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर, प्रचंड दाब व उष्णता असलेल्या ठिकाणी, कार्बनाचे अणू घट्ट रचनेत बांधले जातात. पुढे एखाद्या प्राचीन ज्वालामुखीच्या नळातून वर उसळणारा शिलारस त्यांना पृष्ठभागाजवळ आणतो. पन्न्याजवळील मझगवाँ येथे असा एक नळ आहे आणि त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. अशा नळांची झीज होऊन सुटलेले हिरे नद्या-नाल्यांनी वाहून नेले आणि खडीच्या थरांत पसरविले. म्हणूनच पन्न्याच्या परिसरात कोठे सापडेल व कोठे सापडणार नाही याचा नेम नसतो. घोड्याच्या टापांखाली इकडे तिकडे हिरे पसरले ही कल्पना या विखुरलेपणाचे वर्णन म्हणून मुळीच वावगी नाही.

पन्न्यास सरकारकडून लहानसा जमिनीचा तुकडा खणण्यास घेऊन खडी धुणारे व चाळणारे लोक आजही आहेत. सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. त्याचा लिलाव होतो आणि सरकारचे स्वामित्वधन वजा जाता उरलेली रक्कम सापडविणाऱ्यास मिळते. १९६१ साली येथे ४४.५५ कॅरटचा हिरा सापडला होता. परंतु असा दिवस हजारांतून एखाद्याच्याच वाट्यास येतो. बाकीच्यांच्या वाट्यास येतो तो घाम.

झाशीचा सुभेदार, नाशिकचे देऊळ

मराठ्यांचा या प्रदेशाशी संबंध छत्रसालामुळेच जडला. महंमदखान बंगश याने त्यास कोंडीत पकडले असता १७२९ मध्ये बाजीराव पेशवा त्याच्या मदतीस धावून गेला. या उपकाराच्या मोबदल्यात छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावास देऊ केला. १७४२ पासून झाशी येथे नारोशंकर हा मराठ्यांचा सुभेदार होता. झाशीच्या जुन्या किल्ल्याभोवती मोठे शहर वसविण्यास त्याच्याच कारकिर्दीत आरंभ झाला आणि महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबे तेथे स्थायिक होऊ लागली.

हाच नारोशंकर मालेगावच्या भुईकोट किल्ल्याचा कर्ता होय. नाशिकमध्ये गोदावरीच्या काठी पंचवटीत त्याने १७४७ साली रामेश्वराचे देऊळ बांधले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. देवळावर टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची असून ती वसईच्या विजयाची खूण मानली जाते. मोठ्या आवाजाच्या माणसास ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची रीत तिच्यावरूनच पडली. अशा रीतीने झाशी आणि नाशिक ही दोन दूरची शहरे एकाच राज्यव्यवस्थेच्या धाग्यात ओवली गेली होती. मराठ्यांच्या सत्तेचा शेवट झाला तेव्हा या दोन्ही शहरांवर जे ओढवले, त्यातही बरेच साम्य आढळते. नाशिकच्या बाबतीत ती हकीकत एका हिऱ्याच्या नावाने जगभर पसरली आहे.

‘नासक’ हिरा

नाशिकचा हिरा इंग्रजी पुस्तकांत ‘नासक’ या नावाने प्रसिद्ध आहे. हे नाव त्याच्या जन्मस्थानाचे नव्हे. नाशिकच्या भोवतालचा सह्याद्री काळ्या बसाल्ट पाषाणाचा आहे, आणि या पाषाणात हिरे मिळत नाहीत. इ. स. १७२५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाचा हिऱ्यांचा पुरवठा प्रामुख्याने भारतातून होत असे, आणि मोठे हिरे बहुधा गोवळकोंड्याच्या राज्यातील कृष्णेच्या खोऱ्यातून येत. नाशिकचा हिराही तिकडलाच मानला जातो. नाशिकचे नाव त्यास मिळाले ते तो तेथे शत्रूच्या हाती लागला म्हणून.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस, जून १८१८ मध्ये, दुसरा बाजीराव सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी पेशव्यांचे नाशिक येथील जडजवाहीर कर्नल ब्रिग्ज या अधिकाऱ्याने ताब्यात घेतले. त्यात सुमारे नव्वद कॅरट वजनाचा, किंचित निळसर झाक असलेला हा हिरा होता. पुढे तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या मार्फत कंपनीच्या लुटीच्या मालात जमा झाला आणि लंडनला रवाना झाला. दख्खनच्या या लुटीत कोणत्या फौजेचा किती वाटा, यावरून इंग्रजांत आपसांत अनेक वर्षे वाद चालला. त्याचा निकाल लावण्यासाठी ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि चार्ल्स आर्बथनॉट या दोघांस विश्वस्त नेमावे लागले.

लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी हिऱ्यास नव्याने पैलू पाडले आणि त्याचे वजन ८०.५९ कॅरटवर आले. नंतर सुमारे ७,२०० पौंडांच्या किमतीस त्याची विक्री झाली. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला. मार्क्विसने तो समारंभात मिरविण्याच्या तलवारीच्या मुठीत बसविला आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे तो त्या घराण्यात राहिला. १९२० नंतरच्या दशकात तो अमेरिकेत नेण्यात आला, तेव्हा ही शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू असल्याने तीवरील जकात माफ व्हावी असा दावा करण्यात आला. १९३० मध्ये अपील न्यायालयाने हा दावा फेटाळला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी त्यास पुन्हा घडविले, तेव्हा तो अवघ्या ४३.३८ कॅरटचा उरला. १९७० च्या लिलावात त्यास पाच लाख डॉलर किंमत आली आणि १९७७ मध्ये लेबनॉनचे जवाहिरे रॉबर्ट मुवाद यांनी तो खरेदी केला. नाशिकहून निघालेल्या दगडाचा निम्म्याहून अधिक भाग असा पैलू पाडणाऱ्यांच्या चाकावर पूड होऊन गेला.

आता या हिऱ्याची कथा पाहावी. ती अशी, की हा त्र्यंबकेश्वराच्या मूर्तीचा नेत्र होता. कथेच्या या रूपास त्र्यंबकेश्वराचे देऊळच आधार देत नाही. तेथील शिवलिंगास मुखवट्यासारखे रूप नाही. लिंगाच्या जागी एक खोलगट स्थान असून त्यात ब्रह्मा, विष्णू व महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. जेथे डोळाच नाही तेथे डोळ्यातील हिरा कोठून येणार? देवाच्या खजिन्यात रत्ने असणे वेगळे आणि मूर्तीचा डोळा उपटून नेणे वेगळे. पहिल्या गोष्टीस हिशेबाची वही लागते, दुसरीस फक्त कथेकरी पुरतो.

डोळा आणि शाप

‘मूर्तीचा डोळा’ ही कल्पना एकट्या नाशिकच्या हिऱ्यास चिकटलेली नाही. रशियाच्या राजदंडातील ऑर्लोव्ह हिऱ्याविषयी तो श्रीरंगमच्या मूर्तीचा डोळा होता आणि एका फ्रेंच शिपायाने पुजाऱ्याचे सोंग घेऊन तो चोरला असे सांगतात. आणखी एका हिऱ्याचे तर नावच ‘मूर्तीचा डोळा’ असे आहे. १८६८ साली विल्की कॉलिन्स याने ‘मूनस्टोन’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीत श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडात आलेला देवाचा हिरा ज्या घरात जाईल तेथे संकट आणतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वाचकास अशा कथांची चटक लागली होती. कथेत शिपायाचा अपराध असतो, पण त्याची शिक्षा दगड देतो. त्यामुळे शिपायाला पाठविणाऱ्या राज्याविषयी प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही.

भारतीय रत्नशास्त्रात शुभाशुभाचा विचार आहे, परंतु तो निराळा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात हिऱ्याच्या परीक्षेस स्वतंत्र अध्याय दिला आहे. पाण्यावर तरंगणारा, विजेसारखा चमकणारा, कोणत्याही वस्तूने न भेदला जाणारा हिरा उत्तम. ज्यात कावळ्याच्या पायासारखी रेघ, माशीसारखा ठिपका किंवा भेग असेल तो अनिष्ट, असे त्याचे म्हणणे. हिरा पाण्यावर तरंगत नाही, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु दोषांची यादी मात्र व्यवहारास धरून आहे. ज्या खड्यात भेग तो पैलू पाडताना दुभंगतो, ज्यात ठिपका त्याची किंमत घसरते. तेव्हा अशुभ खडा म्हणजे बहुतांशी नुकसानीचा खडा. हिऱ्याने धन्याचा सूड घ्यावा अशी कल्पना या परीक्षेत नाही.

कोहिनूरच्या शापाची घडणही अशीच उलगडून पाहता येते. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला, तेव्हा दहा वर्षांच्या महाराजा दलीपसिंह याच्याकडून करारावर सही घेण्यात आली आणि त्यातील एका कलमाने कोहिनूर इंग्लंडच्या राणीस गेला. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तो ठेवला असता लोकांस त्याची चमक फिकी वाटली. जुन्या भारतीय पद्धतीत वजन राखण्यावर भर असे, युरोपीय पद्धतीत प्रकाश परतविण्यावर. म्हणून १८५२ मध्ये तो पुन्हा कापण्यात आला आणि १८६ जुन्या कॅरटांवरून सुमारे १०५.६ कॅरटवर आला. तो पुरुषास अपशकुनी व स्त्रीस निर्धोक, ही समजूत याच इंग्लंडच्या मुक्कामात पक्की झाली. १९३७ मध्ये घडविलेल्या राजमातेच्या मुकुटात तो बसविलेला आहे. ६ मे २०२३ रोजी राणी कॅमिला यांनी राज्याभिषेकास हा मुकुट न वापरता राणी मेरी यांचा मुकुट, कोहिनूरवाचून, वापरला. त्यामागे शाप नव्हता. तो हिरा कोणाचा, हा प्रश्न होता. शापाच्या कथेने शंभर-दीडशे वर्षे जो प्रश्न झाकून ठेवला, तो अखेर साध्या शब्दांत पुढे आला.

दरवाजा कोणी उघडला?

आता पुन्हा झाशीकडे वळू. गंगाधरराव नेवाळकर १८५३ च्या नोव्हेंबरात निवर्तले. दत्तक पुत्र दामोदरराव यांचा राज्यावरील हक्क कंपनीने नाकारला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. चार वर्षांनी, मार्च १८५८ मध्ये, सर ह्यू रोज याने शहरास वेढा घातला. राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीस येणाऱ्या तात्या टोपे यांच्या फौजेचा बेतवेच्या काठी १ एप्रिल रोजी पराभव झाला. ३ एप्रिलच्या पहाटे इंग्रजांनी शहरावर हल्ला चढविला आणि ४ एप्रिलच्या रात्री राणीसाहेब किल्ल्यातून निसटून काल्पीकडे गेल्या.

दुल्हाजूचे नाव ज्या कथेने अमर केले तीस वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ मधील हिंदी कादंबरीने देशभर प्रसिद्धी दिली. हल्ल्याच्या लष्करी वर्णनांत मात्र दोन गोष्टी ठळक आहेत. एक, तोफांच्या अनेक दिवसांच्या भडिमाराने तटास पडलेले खिंडार. दुसरी, तटास लावलेल्या शिड्या. या शिड्यांवरून सर्वांत पुढे चढलेले डिक व मिकलजॉन हे दोन तरुण इंग्रज अधिकारी तेथेच मारले गेले. ज्यांच्यासाठी दरवाजा उघडा आहे ते शिडीवर चढून मरण पत्करीत नाहीत. वेढ्यात फितुरी असूही शकते. परंतु झाशी पडली ती वेढा घालणाऱ्यांच्या लांब पल्ल्याच्या तोफा, बेतवेकाठचा पराभव आणि आटत गेलेले मनुष्यबळ या सर्वांमुळे. एका दरवाजाने ते सर्व वजन पेलणे शक्य नाही.

त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन एका मराठी माणसाने लिहून ठेवले आहे. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले होते आणि वेढ्याच्या काळात झाशीतच अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कत्तलीबरोबर लुटीचाही क्रम सांगितला आहे. आधी सोने, चांदी व जवाहीर, मग भांडी व कापड, शेवटी धान्य. राजवाड्यातील पोथ्यांचा मोठा संग्रह जळाला, याचे या भिक्षुकास फार दुःख झाले. झाशीच्या त्या घरांतील नथी, बुगड्या आणि बिंदल्या कोणत्याही सूचीत नावानिशी आल्या नाहीत. त्यांच्यावर शापाच्या कथा रचल्या गेल्या नाहीत, कारण त्या लंडनच्या लिलावात मांडण्याइतक्या मोठ्या नव्हत्या.

आळ आणि माग

महाराष्ट्रातील वाचकास रत्नाची एक जुनी कथा परिचित असते. गणेश चतुर्थीस चंद्र पाहिल्यास खोटा आळ येतो, आणि तो टळावा म्हणून स्यमंतक मण्याची कथा ऐकावी, असा प्रघात आहे. मणी नाहीसा होताच श्रीकृष्णावर चोरीचा आळ आला. प्रत्यक्षात तो अंगावर घालून शिकारीस गेलेल्या प्रसेनास सिंहाने मारले होते आणि सिंहास जांबवंताने. या कथेत मण्यास शाप नाही. आळ घेण्याची घाई ही माणसांची आहे. आणि आळ दूर होतो तो रानात उमटलेल्या पावलांचा माग काढीत शेवटपर्यंत गेल्याने.

प्रसिद्ध हिऱ्यांच्या बाबतीतही हाच मार्ग उपयोगी पडतो. शाप म्हणजे दगडावर घेतलेला आळ. मूर्तीच्या डोळ्याची कथा म्हणजे एखाद्या अनामिक शिपायावर घेतलेला आळ. ओरछा दरवाजाची कथा म्हणजे एका सरदारावर टाकलेला साऱ्या पराभवाचा भार. या कथा टाकून देण्याचे कारण नाही, कारण हरलेल्या लोकांस काय सलत होते ते त्या सांगतात. मात्र कोणी काय नेले, कोणत्या करारान्वये नेले, किती पौंडांस विकले आणि कोणाच्या तलवारीच्या मुठीत ते जडविले गेले, हे कळण्यासाठी पावलांचा मागच काढावा लागतो. नाशिकच्या हिऱ्याच्या बाबतीत तो माग वजनाच्या तीन आकड्यांत उमटलेला आहे. सुमारे नव्वद, मग ऐंशी, मग त्रेचाळीस. झाशीच्या घरांतून जे गेले त्याचे वजन मात्र कोणी केले नाही.